सरकार ‘बंद’ पडतं म्हणजे नक्की काय होतं? अमेरिकेतल्या ४३ दिवसांची गोष्ट

(या भागाचं लिखित रूप. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘बरं का’ थोडे कमी केलेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

 

आज थेट विषयाला हात घालते, कारण यावर तुमचे खूप मेसेज आले. ऑक्टोबर २०२५ सुरू झाला आणि सगळ्यांच्या फोनवर एकच बातमी आली, ‘अमेरिकेचं सरकार ठप्प’. एका श्रोत्याने व्हॉइस नोट पाठवली होती. तो म्हणाला, “ताई, सरकारच बंद म्हणजे काय? उद्या मी तिथे जाऊन कुणाला लुटलं तर पकडणार कोण?” मी हसले, पण प्रश्न चांगला आहे. आपल्याकडे शाळा बंद पडते, कारखाना बंद पडतो, ‘भारत बंद’ होतो. पण सरकार कसं बंद पडेल?

तर आधी त्याचं उत्तर देऊन टाकते. बाबा रे, पकडतील. तिथले पोलीस शहराचे, काउंटीचे आणि राज्याचे असतात. त्यांचा पगार वॉशिंग्टनहून येत नाही. बंद पडलं ते केंद्र सरकार, म्हणजे फेडरल सरकार, आणि तेही पूर्ण नाही. पण जेवढं पडलं ते ४३ दिवस पडलं. १ ऑक्टोबरला सुरू झालं आणि १२ नोव्हेंबरच्या रात्री राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी सही केल्यावर संपलं. तोपर्यंतच्या अमेरिकेच्या इतिहासातलं हे सगळ्यात लांब शटडाऊन. याआधीचा विक्रम ३५ दिवसांचा, २०१८-१९ चा. तेव्हाही राष्ट्राध्यक्ष ट्रम्पच होते आणि भांडण होतं मेक्सिकोच्या सीमेवरच्या भिंतीवरून.

 आता जरा शांतपणे बोलता येईल. आज तीन गोष्टी बघू. हे होतं कसं, या वेळी भांडण कशावरून झालं, आणि त्याची किंमत कुणी मोजली. यातला तिसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

तिजोरीची किल्ली कुणाकडे?

अमेरिकेच्या राज्यघटनेच्या पहिल्याच कलमात एक ओळ आहे. तिचा अर्थ असा, की कायद्याने मंजुरी दिल्याशिवाय तिजोरीतून एक पैही काढता येणार नाही. ही मंजुरी देते काँग्रेस. आपला काँग्रेस पक्ष नव्हे, तर तिथली संसद. तिची दोन सभागृहं आहेत, प्रतिनिधीगृह आणि सिनेट. राष्ट्राध्यक्ष कितीही ताकदवान असला तरी किल्ली संसदेकडे.

तुम्ही म्हणाल, हे आपल्याकडेही आहे. अगदी बरोबर. आपल्या घटनेतही संचित निधीतून पैसे काढायला कायद्याची मंजुरी लागते. फरक कुठे पडतो ते पुढे सांगते.

तिथलं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. त्याआधी बारा वेगवेगळी खर्चाची विधेयकं मंजूर व्हायला हवीत. संरक्षणाचं एक, शेतीचं एक, असं. पण हे वेळेत जवळपास कधीच होत नाही. बाराच्या बारा, किंवा तेव्हा जेवढी असतील तेवढी सगळी विधेयकं वेळेत मंजूर झाल्याचं शेवटचं वर्ष १९९७ चं. म्हणजे तुमच्यापैकी बरेच जण जन्मलेही नव्हते. मग करतात काय? ‘गेल्या वर्षी जेवढं मिळत होतं तेवढंच अजून काही आठवडे चालू द्या’ असं एक तात्पुरतं विधेयक आणतात. आणि तेही अडकलं, तर शटडाऊन.

आता गंमत ऐका. पैसे मंजूर झाले नाहीत तर कार्यालयं बंद करा, असं घटनेत कुठेही लिहिलेलं नाही. १८८४ चा एक कायदा आहे. त्या काळात काही खाती वर्षाचे पैसे चार महिन्यांत उडवायची आणि मग संसदेसमोर येऊन उभी राहायची, की आता आणखी द्या, नाहीतर काम थांबेल. या सवयीला वेसण घालायला कायदा केला, की मंजुरीपेक्षा जास्त खर्च करायचा नाही, आणि फुकटात कुणाकडून काम करून घ्यायचं नाही. अपवाद एकच, माणसांचा जीव किंवा मालमत्ता धोक्यात असेल तर.

पुढची जवळपास शंभर वर्षं हा कायदा कुणी इतका ताणून वाचला नाही. सत्तरच्या दशकातही विधेयकं लांबायची, मधे काही दिवस पैशांची मंजुरी नसायची, पण कार्यालयं चालूच राहायची. पैसे येतीलच, असं सगळे धरून चालायचे. मग १९८० मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांचे अॅटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी कायदेशीर मत दिलं, की नाही, कायदा म्हणजे कायदा. मंजुरी संपली की काम थांबवायचं. तिथून शटडाऊन सुरू झालं. हा काही दोनशे वर्षांचा रिवाज नाही. एका वकिलाने एका जुन्या कायद्याचा लावलेला अर्थ, आणि त्याचं झालेलं राजकीय हत्यार.

पहिल्यांदा हे हत्यार जोरात चाललं १९९५-९६ मध्ये. एका बाजूला क्लिंटन, दुसऱ्या बाजूला प्रतिनिधीगृहाचे स्पीकर न्यूट गिंग्रिच. आधी पाच दिवस, मग २१ दिवस. २०१३ मध्ये ओबामांच्या आरोग्य विम्याच्या कायद्यावरून १६ दिवस. मग २०१८-१९ चे ३५. आणि २०२५ मध्ये ४३. मधला एक अपवाद सोडला तर आकडा वाढत गेला, लक्षात घ्या.

साठचा आकडा

आता या वेळचं भांडण. तेव्हा रिपब्लिकन पक्षाकडे राष्ट्राध्यक्षपद होतं, प्रतिनिधीगृह होतं आणि सिनेटमध्ये १०० पैकी ५३ जागा होत्या. मग अडलं कुठे? सगळं त्यांच्याच हातात होतं ना?

इथे सिनेटचा एक नियम येतो, फिलिबस्टर. बहुतेक विधेयकांवरची चर्चा थांबवून मतदान घ्यायचं असेल, तर साधं बहुमत पुरत नाही, ६० मतं लागतात. म्हणजे ५३ जागा असूनही समोरच्या पक्षातून सात माणसं आणावी लागतात. सप्टेंबरमध्ये प्रतिनिधीगृहाने तात्पुरतं विधेयक २१७ विरुद्ध २१२ असं मंजूर केलं. सिनेटमध्ये मात्र ते चौदा वेळा आपटलं. चौदा वेळा!

ट्रम्प आपल्याच पक्षाला म्हणाले, हा साठचा नियमच काढून टाका. सिनेटमधले त्यांचे नेते जॉन थ्यून म्हणाले, नाही. कारण साधं आहे. आज तुम्ही बहुमतात आहात, उद्या ते असतील. आज तोडलेलं कुंपण उद्या तुम्हालाच नडणार.

डेमोक्रॅट्सची मागणी काय होती? ओबामांच्या काळातल्या कायद्यानुसार ज्यांना नोकरीतून आरोग्य विमा मिळत नाही, ते सरकारी बाजारपेठेतून विमा घेतात. कोविडच्या काळात, २०२१ मध्ये, त्यांच्या हप्त्यासाठीची सरकारी मदत वाढवली गेली. ती वाढीव मदत २०२५ च्या अखेरीस संपणार होती. साधारण २ कोटी २० लाख लोकांना तिचा फायदा मिळत होता. केएफएफ ही आरोग्य धोरणावर अभ्यास करणारी तिथली संस्था. तिच्या अंदाजाने मदत संपली तर या लोकांना खिशातून भरावा लागणारा वर्षाचा हप्ता सरासरी ८८८ डॉलरवरून १,९०४ डॉलरवर जाणार होता. दुपटीपेक्षा जास्त.

डेमोक्रॅट्स म्हणाले, आधी ही मदत वाढवा, मग सरकार चालवायला मत देतो. रिपब्लिकन म्हणाले, आधी सरकार उघडा, मग बोलू. वेठीला धरून चर्चा होणार नाही. आणि ही मदत तर कोविडपुरती होती, कायमची कशाला?

मी कुणाची बाजू घेत नाहीये. दोन्हीकडे म्हणण्यासारखं काहीतरी आहे. २०१३ मध्ये नेमकं उलट होतं हेही सांगायला हवं. तेव्हा रिपब्लिकन त्याच विम्याच्या कायद्याचा गळा धरून बसले होते आणि डेमोक्रॅट्स म्हणत होते, सरकारला वेठीला धरू नका. माणसं तीच, खुर्च्या बदलल्या की भाषणंही बदलतात. हे आपल्याला काही नवीन नाही.

पगाराचा शून्य

आता तिसरा प्रश्न. किंमत कुणी मोजली?

शटडाऊनमध्ये केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचे दोन गट होतात. एक, ज्यांचं काम ‘अत्यावश्यक’ नाही. त्यांना घरी बसवतात, बिनपगारी. २०२५ मध्ये रोज साधारण साडेसात लाख लोक असे घरी बसतील, असा संसदेच्याच अर्थविषयक कार्यालयाचा अंदाज होता. दुसरा गट अत्यावश्यक कामाचा. विमानतळावर बॅगा तपासणारे, सीमेवरचे, तुरुंगातले, विमानांना दिशा देणारे कंट्रोलर. त्यांनी कामावर यायचं, तेही पूर्ण वेळ, आणि पगार? नंतर. कधी? सरकार उघडेल तेव्हा.

जरा विचार करा. तुम्ही रडारसमोर बसलाय, स्क्रीनवर वीस विमानं आहेत, आणि २८ ऑक्टोबरला तुमच्या पगाराच्या स्लिपवर आकडा येतो शून्य. घरभाडं थांबत नाही. गाडीचा हप्ता थांबत नाही. मुलांचं पाळणाघर थांबत नाही. कामावरून सुटल्यावर डिलिव्हरीची गाडी चालवणारे कंट्रोलर तिथल्या बातम्यांत दिसत होते.

२०१९ च्या कायद्यामुळे या लोकांना मागचा पगार मिळतो, हे खरं. पण सरकारी इमारतीत झाडू मारणारा, कॅन्टीन चालवणारा, गेटवर उभा असणारा माणूस कंत्राटी असतो. त्याला या कायद्याचं संरक्षण नाही. त्याचे ४३ दिवस गेले ते गेलेच. आपल्याकडे सरकारी दवाखान्यात किंवा महापालिकेत कंत्राटावर काम करणारं कुणी तुमच्या घरात असेल, तर हा फरक मी समजावून सांगायची गरज नाही.

आणि संसदेचे सदस्य? त्यांचा पगार चालू राहिला. राष्ट्राध्यक्षांचाही. त्यांच्या पगाराची तरतूद वेगळी आहे, ती दरवर्षीच्या मंजुरीवर अवलंबून नाही. सैनिकांचा पगार चुकायची वेळ आली, तेव्हा सरकारने संरक्षण खात्याच्या संशोधनाच्या निधीतून तो दिला. म्हणजे मनात आणलं तर वाट निघते. प्रश्न एवढाच, की कुणासाठी काढायची.

सगळ्यात वाईट गोष्ट झाली १ नोव्हेंबरला. अमेरिकेत ‘स्नॅप’ नावाची योजना आहे. जुने लोक तिला फूड स्टॅम्प म्हणतात. आपल्या रेशनसारखी, पण धान्याऐवजी एका कार्डावर दर महिन्याला पैसे जमा होतात आणि त्यातून किराणा घ्यायचा. किती लोक? २०२५ मध्ये ४ कोटी २० लाखांच्या आसपास. म्हणजे जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशात दर आठ माणसांमागे एक. नोव्हेंबर उजाडला आणि कार्डावर पैसे आलेच नाहीत.

मग कोर्टकचेरी. दोन फेडरल न्यायाधीशांनी सांगितलं, राखीव निधी आहे ना, तो वापरा. सरकार वर गेलं. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत पोचलं, तिथून तात्पुरती स्थगिती मिळाली. काही राज्यांत पूर्ण पैसे जमा झाले, काही राज्यांत नाही. दुकानाच्या काउंटरवर उभ्या असलेल्या आईला कार्ड चालेल की नाही हे त्या दिवशीच्या कोर्टाच्या आदेशावर ठरत होतं. अन्नदान केंद्रांपुढे रांगा लागल्या, आणि त्या रांगांत बिनपगारी सरकारी कर्मचारीही होते.

आणि हो, आपल्याशी जोडलेली एक गोष्ट. पुण्यात, हैदराबादेत बसून अमेरिकेच्या एच-वन-बीची वाट बघणाऱ्यांनाही याचा फटका बसला. व्हिसाचे अर्ज तपासणारं खातं अर्जांच्या फीवर चालतं, म्हणून ते चालूच होतं. पण अर्जाच्या आधी कंपनीला तिथल्या कामगार खात्याकडून एक मंजुरी घ्यावी लागते, की या माणसाला योग्य पगार देतोय. कामगार खात्याचा हा विभाग संसदेच्या पैशांवर चालतो. तो ऑक्टोबरमध्ये बंद. ग्रीन कार्डाची पहिली पायरीही तिथेच, तीही बंद. सिनेटमधला साठचा आकडा आणि कोथरूडमधल्या एखाद्या घरातली बांधलेली बॅग यांचा असा संबंध असतो.

मग संपलं कसं?

आता इथे मी माझं मत सांगते, पटलं नाही तर कमेंटमध्ये भांडा.

२०१९ चं शटडाऊन ३५ व्या दिवशी संपलं. त्या दिवशी सकाळी काय झालं होतं? कंट्रोलर कमी पडल्याने न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर येणारी विमानं काही वेळ थांबवावी लागली. संध्याकाळपर्यंत तोडगा निघाला. या वेळी ७ नोव्हेंबरपासून सरकारने चाळीस मोठ्या विमानतळांवरची उड्डाणं कमी करायला सुरुवात केली. आधी चार टक्के, मग आणखी. नोव्हेंबरच्या शेवटी थँक्सगिव्हिंग, म्हणजे तिकडची दिवाळीच समजा, सगळे घरी जायच्या गडबडीत. आणि ९ तारखेच्या रात्री सिनेटमध्ये गाडी हलली.

निव्वळ विमानांमुळे हलली असं मी म्हणत नाही. ४ नोव्हेंबरच्या निवडणुका होऊन गेल्या होत्या. व्हर्जिनिया आणि न्यू जर्सीत डेमोक्रॅट्स जिंकले होते. किराण्याच्या कार्डांचा दबावही होताच. पण मला राहून राहून वाटतं, की गरिबाच्या घरातला डबा रिकामा झाला तेव्हा भांडण चालू राहिलं, आणि विमानाला उशीर व्हायला लागला तेव्हा लोकांना घाई झाली.

तोडगा काय निघाला? डेमोक्रॅट्सच्या गटातले आठ सदस्य फुटले. सात त्यांच्या पक्षाचे आणि एक अपक्ष, अँगस किंग. रिपब्लिकनांमधले रँड पॉल विरोधात गेले. आकडा झाला ६० विरुद्ध ४०. नेमके साठ. मग प्रतिनिधीगृहात २२२ विरुद्ध २०९. पैसे मिळाले ३० जानेवारी २०२६ पर्यंत. शेती खातं आणि त्यातली किराण्याची योजना, माजी सैनिकांचं खातं, यांना मात्र पूर्ण वर्षाचे. शटडाऊनच्या काळात ज्या सरकारी नोकऱ्या कापल्या होत्या त्या परत.

आणि विम्याची मदत, ज्याच्यासाठी एवढं रामायण झालं? ती मिळाली नाही. डिसेंबरमध्ये सिनेटमध्ये त्यावर मतदान घेऊ, एवढं आश्वासन. मतदान, मंजुरी नाही. त्यामुळे डेमोक्रॅट्सच्या स्वतःच्याच पक्षात तेव्हा धुसफूस सुरू झाली, की मग ४३ दिवस लोकांना त्रास दिला कशाला? आणि दुसरा गट म्हणत होता, निदान अख्ख्या देशाला कळलं तरी की विम्याचा हप्ता वाढणार आहे.

आपल्याकडे असं होऊ शकतं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी विचारला. थोडक्यात उत्तर, नाही. आपल्याकडे बजेट १ एप्रिलपर्यंत मंजूर होत नसेल तर लेखानुदान घेतात, म्हणजे काही महिन्यांच्या खर्चाची आगाऊ मंजुरी. आणि समजा लोकसभेनेच पैसे द्यायला नकार दिला, तर त्याचा अर्थ सरकारवर विश्वास उरला नाही. सरकारला जावं लागतं. राज्यसभा धनविधेयक चौदा दिवसांपेक्षा जास्त अडवू शकत नाही. म्हणजे आपल्याकडे पैसा अडला तर मंत्री घरी जातात. तिकडे पैसा अडला तर कारकून घरी जातात. राष्ट्राध्यक्षाची चार वर्षं पक्की, सिनेटरची सहा पक्की. कुणाचीच खुर्ची हलत नाही, म्हणून कुणाला घाई नाही.

पण लगेच कॉलर ताठ करू नका. आपल्याकडे बजेट अडत नाही याचं एक कारण असंही आहे, की कितीतरी खात्यांच्या मागण्या चर्चा न होताच एकगठ्ठा मंजूर होतात. त्याला संसदेच्या भाषेत ‘गिलोटिन’ म्हणतात. तिकडे किल्लीवरून इतकं भांडतात की दारच उघडत नाही. इकडे कधीकधी किल्ली कुणी फिरवली तेही कळत नाही. दोन्हीकडे पैसा आपला, म्हणजे कर भरणाऱ्याचा आहे. तो कुठे जातो हे विचारायचं काम शेवटी आपलंच.

  तर मंडळी, हेच प्रश्न पुन्हा कधीही उभे राहू शकतात. आणि तेव्हा बातमीत ‘कोण जिंकलं, कोण हरलं’ असं आलं, तर तुम्ही एक प्रश्न जास्तीचा विचारा. या भांडणात पगार कुणाचा थांबला, आणि कुणाचा थांबला नाही?

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या घरी कुणाचा पगार असा महिनोन्महिने लटकला असेल, तर तो अनुभव व्हॉइस नोटने पाठवा. नाव सांगायची गरज नाही. पुढच्या एखाद्या भागात त्यावर बोलू. आणि ज्या मित्राला वाटतं की शटडाऊन म्हणजे अमेरिकेचं दिवाळं वाजलं, त्याला हा भाग नक्की पाठवा.

भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या!